पाण्याचा ताळेबंद आणि सूर्याचे दान : विद्यापीठांचे संशोधन बुलढाणा जिल्ह्याला काय सांगते?

सृष्टीची जपणूक हा ख्रिस्ती श्रद्धेचाच एक भाग आहे, ही शिकवण पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या विश्वपत्राद्वारे अखिल ख्रिस्तसभेपुढे ठेवली. २१ एप्रिल २०२५ रोजी ते देवाघरी गेले; त्यांचे उत्तराधिकारी पोप लिओ चौदावे यांनीही हा विषय आस्थेने पुढे चालविला आहे. विश्वपत्र प्रसिद्ध झाल्यापासून आपल्या धर्मग्रामांतून वृक्षारोपणे झाली, प्रवचने झाली, सप्टेंबर महिन्यात सृष्टीसाठी प्रार्थना झाल्या. परंतु मिस्सा आटोपून घरी परतणाऱ्या शेतकरी भाविकाच्या मनात एक साधा प्रश्न उरतो : माझ्या चार एकरांत मी नेमके काय करू?

या प्रश्नाचे उत्तर धर्मशिक्षणाच्या पुस्तकात शोधण्याचे कारण नाही. माती, पाणी आणि ऊन यांची वर्षानुवर्षे मोजणी करणाऱ्या विद्यापीठांकडे ते आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या सुदैवाने असे संशोधन शेजारच्या अकोल्यात आणि आपल्याच राज्यातील मुंबईत झालेले आहे. ‘शाश्वतता’ हा शब्द आजकाल फार स्वस्त झाला असला, तरी त्याचा अर्थ सरळ आहे : आपला वाटा घेताना पुढच्या पिढीचा वाटा कमी न करणे. या लेखात बुलढाणा जिल्ह्याचे उदाहरण घेऊन, पाणी आणि सौर ऊर्जा यांविषयी संशोधन काय सांगते आणि त्यातून आपल्यावर कोणती जबाबदारी येते, हे मांडण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

दोन समुद्रांना पाणी देणारा जिल्हा

तेरा तालुक्यांचा बुलढाणा जिल्हा विदर्भाच्या पश्चिम टोकाला आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगा त्याच्या मधोमध गेल्या आहेत आणि त्या पाण्याची वाटणी करतात. डोंगराच्या उत्तर उतारावर पडलेला पाऊस नळगंगा, ज्ञानगंगा, मन अशा नद्यांतून पूर्णेला मिळतो, पूर्णा तापीला मिळते आणि ते पाणी अरबी समुद्रात जाते. दक्षिणेकडे पडलेला पाऊस पैनगंगेतून वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी असा प्रवास करीत बंगालच्या उपसागराला पोहोचतो. एकाच पावसाच्या सरी दोन समुद्रांच्या वाटेला लागतात. जिल्ह्याच्या वाट्याला मात्र अनेकदा टँकर येतो.

या रचनेमुळे जिल्ह्यात पाण्याचे दोन निराळे प्रश्न निर्माण झाले आहेत. दक्षिणेकडील मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा या भागांत मातीखाली काळा कातळ आहे. कातळात पाणी साठायला जागा थोडी; वरचा झिजलेला मुरूम आणि खडकातील भेगा एवढाच त्याचा साठा. तो पावसाळ्यात लवकर भरतो आणि हिवाळा संपता संपता तितक्याच लवकर रिकामा होतो. उत्तरेकडे पूर्णेच्या खोऱ्यात उलट स्थिती आहे. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा, मलकापूर या तालुक्यांतील अनेक गावांत जमिनीखाली गाळाचा प्रचंड जाड थर आहे आणि त्यात पाणीही आहे, पण ते खारे आहे. यालाच आपण खारपाणपट्टा म्हणतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात सुमारे नऊशे गावे येतात.

पाणी खारे का, आणि त्यावर उपाय कोणता?

पवित्र शास्त्रातील निर्गमाच्या पुस्तकात मारा नावाच्या ठिकाणाची हकिकत आहे. तीन दिवस तहानलेल्या इस्राएली लोकांना पाणी मिळाले, पण ते इतके कडू होते की पिता येईना. पाणी समोर असूनही तहान भागत नाही, हे दुःख खारपाणपट्ट्यातील माणसाला समजावून सांगावे लागत नाही. त्याच्या विहिरीला पाणी असते, पण ते पिकाला दिले तर जमीन बिघडते आणि घशाखाली उतरवले तर शरीराची काळजी वाटते. या भागातील गावांतून मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी वर्षानुवर्षे पुढे येत आहेत.

या खारेपणाचे कारण जमिनीच्या घडणीत आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील माती अतिशय बारीक कणांची, चिकण आणि खोल काळी आहे. ती ओली झाली की फुगते, वाळली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. फुगलेल्या मातीतून पाणी खाली सरकत नाही. सपाट प्रदेशामुळे ते बाजूलाही वाहून जात नाही. पाऊस मध्यम आणि ऊन कडक, त्यामुळे पाणी उडून जाते आणि त्यातील क्षार मागे राहतात. ते धुऊन नेणारा निचरा नसल्याने शतकानुशतके क्षार तेथेच साचत आले. मातीत सोडियमचे प्रमाण वाढले की तिचे कण एकमेकांपासून सुटतात, रंध्रे बुजतात आणि निचरा आणखी बिघडतो. असे हे दुष्टचक्र आहे.

अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची स्थापना २० ऑक्टोबर १९६९ रोजी झाली. विदर्भाच्या सर्व जिल्ह्यांची शेती हा त्याच्या अभ्यासाचा विषय असून खारपाणपट्ट्यावर तेथील मृद्‌शास्त्र आणि कृषी अभियांत्रिकी विभागांनी दीर्घकाळ काम केले आहे. त्या कामाचा गाभा थोडक्यात असा सांगता येईल : खाऱ्या पाण्याशी झुंजण्याआधी आकाशातून पडणारे गोडे पाणी धरून ठेवा. त्यासाठी सुचविलेले उपाय सामान्य शेतकऱ्याला करता येण्याजोगे आहेत. उताराला आडवी, म्हणजे समतल रेषेवर मशागत आणि पेरणी करावी, म्हणजे प्रत्येक तास हा एक छोटा बांध होतो. सोयाबीन, हरभरा यांसारखी पिके रुंद वरंबा सरी पद्धतीने घ्यावीत. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाण्याचा निचरा होतो आणि खंड पडला तर वरंब्यातील ओल पिकाला तगवते. चोपण झालेल्या जमिनीत जिप्सम मिसळावे. जिप्सममधील कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची जागा घेते आणि सुटलेले सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर निघून जाते. अर्थात निचऱ्याची सोय नसेल, तर जिप्समवर केलेला खर्च वाया जातो. धैंचा किंवा बोरूसारखे हिरवळीचे खत गाडले तर मातीला पुन्हा पोकळपणा येतो.

या सर्वांवर कळस म्हणजे शेततळे. चिकण मातीचा जो गुण निचऱ्याला शाप ठरतो, तोच तळ्यात वरदान ठरतो; कारण अशा मातीतून पाणी फारसे झिरपत नाही. तळे फार खोल खणले तर मात्र खालचे खारे पाणी आत येण्याचा धोका असतो, म्हणून खोली ठरवताना जाणकाराचा सल्ला घेतला पाहिजे.

आकडे काय सांगतात?

एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर तो दहा हजार लिटर होतो. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तरी प्रत्येक हेक्टरवर ७० लाख लिटर पाणी देव आपल्याला देतो. प्रश्न पाऊस किती पडतो याइतकाच तो किती थांबतो, हा आहे.

आता तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल असे नेहमीचे शेततळे घ्या. बाजूंना उतार द्यावा लागतो, त्यामुळे त्यात प्रत्यक्षात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. त्यातील एक तृतीयांश पाणी ऊन आणि झिरपा यांत गेले असे समजू. तरी साडेचौदा लाख लिटर उरते. एका हेक्टरवर पाच सेंटिमीटर पाण्याची एक पाळी द्यायला पाच लाख लिटर लागतात. म्हणजे पावसाने ऐन फुलोऱ्यात किंवा दाणा भरताना दगा दिला, तर एवढ्या एका तळ्यातून जवळपास तीन हेक्टरांना एक संरक्षित पाणी देता येते. ठिबक किंवा तुषार सिंचन वापरले तर तेच पाणी आणखी पुरते. ज्या कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न त्या एका पाळीवर अवलंबून असते, त्याच्या दृष्टीने हा कर्ज फिटणे आणि कर्ज वाढणे यांतील फरक आहे.

परंतु येथे एक इशाराही दिला पाहिजे. शेततळे हे पावसाचे वाहून जाणारे पाणी धरण्यासाठी आहे. राज्यात अनेक ठिकाणी प्लास्टिकचे अस्तर घातलेली मोठी तळी विहिरीतून आणि बोअरमधून पाणी उपसून भरली जातात. जमिनीच्या पोटात सावलीत राहणारे सर्वांचे पाणी अशा रीतीने एका मालकाच्या तळ्यात आणि उन्हात येते. त्यातील काही पिकाला मिळते, काही हवेत उडून जाते आणि शेजारच्या लहान शेतकऱ्याची विहीर मात्र आटते. वस्तू तीच, पण वापराने तिचा धर्म बदलतो.

गाळ काढणे आणि गाळ थांबविणे

गेल्या काही वर्षांत बुलढाण्याचे नाव जलसंधारणाच्या संदर्भात देशभर घेतले गेले. २०१८ साली भारतीय जैन संघटनेने ‘सुजलाम सुफलाम बुलढाणा’ हा उपक्रम शासनाच्या सहकार्याने हाती घेतला. संघटनेने १३४ जेसीबी आणि पोकलेन यंत्रे दिली आणि इंधनाचा भार शासनाने उचलला. जिल्ह्यातील तलावांचा गाळ काढला गेला आणि शेतकऱ्यांनी तो स्वखर्चाने आपल्या शेतात नेऊन पसरला. याच सुमारास राष्ट्रीय महामार्गांच्या कामासाठी लागणारी माती आणि मुरूम डोंगर फोडून न आणता गावतलाव, नाले आणि नद्यांच्या पात्रांतून घेण्याची पद्धत जिल्ह्यात राबविली गेली. रस्त्याला भराव मिळाला आणि गावाला खोल झालेला तलाव विनाखर्च मिळाला. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने या पद्धतीचा ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून गौरव केला. मंत्रालयाच्या माहितीप्रमाणे अशा रीतीने पन्नास लाख घनमीटरांहून अधिक माती उचलली गेली. तेवढीच साठवणक्षमता वाढली असे मानले, तर ती वर हिशेब केलेल्या आकाराच्या दोन हजारांहून अधिक शेततळ्यांच्या बरोबरीची होते.

ही कामगिरी निश्चितच अभिनंदनीय आहे. तथापि तलाव खोल केला म्हणजे काम संपले, असे समजणे धोक्याचे ठरेल. गाळ वरच्या उघड्या टेकड्यांवरून आणि उताराने नांगरलेल्या शेतांतून दर पावसाळ्यात वाहून येतो. तो तेथेच अडविला नाही, तर आज काढलेला गाळ काही वर्षांत पुन्हा तळाशी बसणार. शिवाय गाळ संपून घट्ट मुरूम लागल्यावरही खोदत राहिले, तर पाणी झिरपण्याच्या नैसर्गिक वाटा बिघडू शकतात आणि नदीपात्र अति खोल केले, तर काठच्या विहिरींचेच पाणी पात्रात उतरू शकते. म्हणून कोठे, किती आणि कोठपर्यंत खोदायचे, हे भूजलाच्या अभ्यासकाने ठरविणे आवश्यक असते.

पाणलोटाचे काम माथ्यापासून पायथ्याकडे करावे, हे तत्त्व महाराष्ट्रात रुजविणाऱ्यांत एका कॅथलिक धर्मगुरूचा मोठा वाटा आहे, याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटला पाहिजे. मूळचे स्वित्झर्लंडचे येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी अहमदनगर जिल्ह्यात (आताचा अहिल्यानगर) दुष्काळी शेतकऱ्यांसाठी आयुष्य वेचले. १९९३ साली त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासह ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ या संस्थेची स्थापना केली. त्यांच्या कामात गावाने आधी श्रमदान करावे, झाडांची तोड आणि मोकाट चराई थांबवावी, अशा अटी असत. प्रथम डोंगरावरील चर, मग उतारावरील बांध आणि शेवटी नाल्यातील बंधारा, असा क्रम असे. यंत्राने होणाऱ्या झटपट कामाच्या या काळात त्या क्रमाचे स्मरण ठेवणे हितावह आहे.

अंदाज आणि तपासणी

संशोधनाचे दुसरे मोल असे की ते भीतीला आणि अफवेला आळा घालते. जिल्ह्यातील अलीकडच्या दोन घटना या दृष्टीने बोलक्या आहेत.

जून २०२० मध्ये लोणारच्या खाऱ्या सरोवराचे पाणी अचानक गुलाबी झाले. कोणी त्यात चमत्कार पाहिला, कोणी संकटाची चाहूल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले तेव्हा कारण कळले : खारटपणा वाढल्यामुळे त्यात क्षारप्रिय सूक्ष्मजीव बळावले होते आणि त्यांच्या अंगच्या रंगद्रव्याने पाण्याला तो रंग आला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळ स्थळांत झाला.

दुसरी घटना अधिक क्लेशदायक होती. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ च्या सुमारास शेगाव तालुक्यातील काही गावांत लहानथोरांचे केस अचानक गळू लागले. पहिला संशय अर्थातच खाऱ्या पाण्यावर गेला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पथकाने तपासणी केली. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या अभ्यासाच्या आधारे, गव्हातील सेलेनियमचे अति प्रमाण हे कारण असल्याचा निष्कर्ष मांडला. या गावांतील लोकांना त्या काळात जी अवहेलना सहन करावी लागली, तिची आठवण आपण ठेवली पाहिजे. पाणी खारे आहे हे खरे. पण प्रत्येक दुखण्याचे मूळ पाण्यातच आहे, असे धरून चालले तर खरे मूळ नजरेआड होते. पाणी, माती आणि धान्य यांची तपासणी होणे हा गरिबाचाही हक्क आहे.

सूर्याचे दान आणि त्यातील जोखीम

आता ऊर्जेकडे वळू. विदर्भात ऊन हे आजवर सोसायची गोष्ट होती; आता ते कमावण्याची गोष्ट झाले आहे. एक किलोवॉट क्षमतेची सौर पॅनेल आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट वीज देतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेखाली घराच्या छतावर तीन किलोवॉटचा संच बसविणाऱ्यास केंद्र शासनाकडून ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठरविण्यात आले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग असून बायोगॅस, सौर वाळवणी यंत्रे आणि पिकांच्या अवशेषांपासून इंधन या विषयांवर तेथे काम झाले आहे. कपाशीचा हंगाम संपल्यावर बांधावर जाळली जाणारी पऱ्हाटी आणि तुरीची तुराटी यांत किती ऊर्जा दडलेली आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो.

शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा विषय म्हणजे सौर कृषिपंप. रात्री येणाऱ्या विजेसाठी अंधारात, साप-विंचवाच्या भीतीत पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा, बिलाविना चालणारा पंप म्हणजे खरोखर मुक्तीच आहे. त्या सुटकेला कमी लेखण्याचा अधिकार शहरात राहणाऱ्या कोणालाही नाही.

परंतु ज्या पंपाला चालवायचा खर्च नाही, तो बंद करण्याचे कारणही उरत नाही. डिझेलचा भाव किंवा विजेचे बिल हा उपशाला एक लगाम होता. सूर्य तो लगाम काढून घेतो. दक्षिण बुलढाण्यातील कातळात साठा मुळातच थोडा, तो अशा उपशाने माघातच संपेल. उत्तरेकडील खारपाणपट्ट्यात जितके खोल जावे तितके पाणी अधिक खारे लागण्याची भीती असते आणि ते शेतात सोडले तर पुढच्या पिढीची जमीन नापीक होईल. म्हणजे अक्षय्य ऊर्जा हाती आली आणि तिनेच क्षय पावणारे पाणी संपविले, असा विपरीत प्रकार घडू शकतो. पाण्याचा विचार न करता केलेला ऊर्जेचा विचार अपुरा आहे, असे आम्ही म्हणतो ते या अर्थाने.

यावर अभ्यासकांनी मार्गही दाखविले आहेत. पहिला मार्ग म्हणजे सौरपंप शक्यतो पावसाने भरणाऱ्या शेततळ्याला जोडणे आणि त्याच्यापुढे ठिबक किंवा तुषार संच बसविणे. दुसरा मार्ग गुजरातमधील खेडा जिल्ह्यातील धुंडी या गावाने दाखविला. तेथे २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय जलव्यवस्थापन संस्थेच्या पुढाकाराने सौरपंप असलेल्या काही शेतकऱ्यांनी सहकारी मंडळी स्थापन केली आणि सिंचनाची गरज भागल्यावर उरलेली वीज ते वीज कंपनीला विकू लागले. पाणी उपसले नाही तरी सूर्य पैसे देतो, असे झाले की पंप बंद ठेवण्यातही लाभ असतो. तिसरा मार्ग व्हॅटिकनने निवडला आहे. २१ जून २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी ‘फ्रातेल्लो सोले’ म्हणजे ‘बंधू सूर्य’ या नावाने एक पत्र काढले आणि रोमजवळील सांता मारिया दी गालेरिया येथील जमिनीवर, खाली शेती आणि वर सौर पॅनेल असा प्रकल्प उभारण्याचे ठरविले. शेती मोडून वीज न करता एकाच जमिनीतून दोन्ही मिळविण्याचा हा विचार आपल्या शेतकरी संस्थांनीही अभ्यासण्याजोगा आहे.

गावाचा ताळेबंद

हे सर्व धागे एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे पाण्याचा ताळेबंद. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये राज्यात ‘नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प’ सुरू झाला. लोक त्याला ‘पोकरा’ म्हणून ओळखतात. पंधरा जिल्ह्यांतील ५१४२ गावे त्यात निवडण्यात आली होती. त्यांपैकी ९३२ गावे पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याची होती. या प्रकल्पासाठी मुंबईच्या आयआयटीतील अभ्यासकांनी गावपातळीवर पाण्याचा हिशेब मांडण्याची शास्त्रीय पद्धत तयार केली. पाऊस किती पडला, त्यातील किती वाहून गेला, किती मातीत मुरला, किती भूजलात उतरला आणि उभ्या पिकाची गरज किती, हे त्यातून कळते.

घरातील गृहिणी महिन्याच्या पगाराचा हिशेब करते, तसाच हा हिशेब आहे. दिवाळीच्या सुमारास, पावसाळा संपल्यावर, गावाकडे किती पाणी शिल्लक आहे ते एकदा समजले, की रब्बीत गहू किती पेरायचा आणि हरभरा किती, हे ठरविता येते. हा हिशेब यंत्रावर करता येतो, पण तो पाळणे यंत्राच्या हाती नाही. ‘माझी विहीर, माझा पंप, माझा हक्क’ असे म्हणणारा शेतकरी आणि ‘आपले भूजल’ असे म्हणणारा शेतकरी यांच्यात जे अंतर आहे, ते कोणतेही विद्यापीठ तोडू शकत नाही. येथे संशोधन थांबते आणि सदसद्विवेकाचे काम सुरू होते.

आपले काम कोणते?

उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाची एक हकिकत आहे. त्याचा पिता अब्राहाम याने खणलेल्या विहिरी पलिष्टी लोकांनी मातीने बुजविल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा खणल्या. त्याच्या सेवकांनी नवी विहीर खणली तेव्हा स्थानिक गुराख्यांनी पाण्यावर हक्क सांगून भांडण काढले. इसहाकाने वाद न वाढविता दुसरी खणली; तिच्यावरूनही भांडण झाले. शेवटी ज्या विहिरीवरून कोणी भांडले नाही, तिला त्याने ‘रहोबोथ’, म्हणजे सर्वांना पुरेशी जागा, असे नाव दिले. गाळ काढणे, पुन्हा खणणे, भांडण टाळणे आणि सर्वांना पुरेल अशी व्यवस्था करणे, हा क्रम आजच्या बुलढाण्यालाही लागू पडतो. ‘लाउदातो सी’मध्येही पिण्यायोग्य सुरक्षित पाणी मिळणे हा माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे पोप फ्रान्सिस यांनी स्पष्टपणे सांगितले आहे.

या जिल्ह्यात आपली कॅथलिक कुटुंबे संख्येने थोडी आहेत. तथापि चिमूटभर मिठाची उपमा प्रभूने आपल्याला दिली आहे. खारपाणपट्ट्यात मिठाचे कौतुक कोणाला वाटणार, असे कोणी विनोदाने म्हणेल. पण योग्य प्रमाणात असलेले मीठच अन्नाला चव देते. म्हणून प्रत्येक धर्मग्रामाने पुढील गोष्टींचा विचार करावा, असे आम्हाला वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्या चर्चच्या, शाळेच्या, वसतिगृहाच्या आणि दवाखान्याच्या छताचे पाणी मोजावे. दोनशे चौरस मीटर छतावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते १ लाख ४० हजार लिटर होते. त्यातील मोठा भाग गाळून टाकीत साठविता येतो, किंवा विहिरीच्या पुनर्भरणाला देता येतो. दुसरी, जेथे वीज दिवसा वापरली जाते अशा आपल्या संस्थांनी सौर संचाचा हिशेब जाणकाराकडून करून घ्यावा. तिसरी, आपल्या शेतकरी भाविकांनी वर्षातून एकदा तरी आपल्या विहिरीचे पाणी आणि शेतातील माती तपासून घ्यावी. कृषी विद्यापीठ अकोल्याला असले, तरी जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्रे त्याचसाठी आहेत. तेथे जाण्यास संकोच वाटत असेल, तर धर्मग्रामातील चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून जावे. धर्मगुरूंनीही त्यांच्याबरोबर जावे. चौथी, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जाईल त्या दिवशी आपली कुटुंबे हजर असावीत, विशेषतः आपल्या भगिनी; कारण पाणी आणण्याचा भार आजही त्यांच्याच डोक्यावर आहे.

पाचवी गोष्ट सर्वांत अवघड आहे. ज्यांच्या विहिरीला पाणी आहे, त्यांनी ज्यांच्या विहिरीला नाही त्यांचा विचार करून पीक निवडावे. प्रायश्चित्तकाळात आपण आहाराचा उपवास करतो. तो काळ फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान येतो आणि तेव्हाच आपल्या विहिरी तळ गाठू लागलेल्या असतात. त्या दिवसांत उपशाला स्वेच्छेने घातलेली मर्यादा हादेखील एक उपवास आहे आणि त्याचे फळ शेजाऱ्याच्या घागरीत दिसते.

विद्यापीठे पाण्याचे माप सांगतात आणि शासन योजना देते. त्या मापाप्रमाणे वागण्याची शिस्त गावाने स्वतःला लावायची असते. येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या धर्मग्राम समितीच्या एका बैठकीत एवढा एकच विषय घ्यावा : आपल्या आवारात पडणारे पाणी जाते कोठे? त्याचे उत्तर कागदावर लिहून काढले, तरी कामाची सुरुवात झाली असे म्हणता येईल.